गोळीचा उपास

हे लिहावं, असं इंदूताईंचं म्हणणं. इंदूताई म्हणजे माझ्या बायकोची, सुनंदाची, थोरली बहीण. तलासरीला राहतात. त्या म्हणाल्या, "भाऊजी, जन्मभर दुसऱ्यांची पुस्तकं सांभाळलीत, आता चार पानं स्वतःची लिहा. बरे कसे झालात ते नका लिहू, ते सगळेच लिहितात. गोळ्या का सोडल्यात ते लिहा. माणसं सोडतात आणि घरात सांगत नाहीत."

मी डहाणूच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. मला लिहायला वेळ लागतो. दोन वाक्यं झाली की अंगणात एक फेरी मारून यावी लागते. हेही तसंच, उठत बसत लिहिलेलं आहे.

आजाराला नाव मिळालं

सुनंदा पावसाळ्याच्या शेवटी गेली. आजार लांबला नाही. लोक म्हणाले, फार हाल झाले नाहीत हे बरं. मीही मान डोलावत होतो.

त्यानंतरचे महिने मला नीट आठवत नाहीत. पुस्तक उघडायचो आणि तेच पान पुन्हा पुन्हा वाचायचो. अंगणातल्या चिकूखाली फळं पडून आंबत होती, त्यांच्यावर गांधीलमाश्या घोंघावत होत्या, आणि वाकून एक फळ उचलावं एवढंही मनात येत नव्हतं. शेजारी म्हणायचे, चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा संसार, वेळ लागणारच. मला ते पटत होतं. दुःख करणं हे एकच काम मला नीट जमतंय असं वाटायचं.

मुलगा समीर वापीला नोकरीला आहे. तो आणि सूनबाई केतकी रविवारी यायचे. एका रविवारी केतकी म्हणाली, "बाबा, मागच्या रविवारी हाच शर्ट होता. त्याच्या मागच्या रविवारीही." ती रागावली नव्हती. तिने शर्ट काढायला लावला, धुतला, आणि वाळत घालताना नवऱ्याशी काहीतरी हळू बोलली. पुढच्या आठवड्यात मला डॉक्टरांकडे नेलं.

मनाच्या आजाराच्या डॉक्टरीणबाई आठवड्यातून एकदा डहाणूला एका दवाखान्यात येतात. बाहेर बाकावर माझ्या शेजारी कैनाडचं एक म्हातारं जोडपं होतं. आजोबा बायकोला सांगत होते, आत गेल्यावर सगळं सांग, मागच्या वेळेसारखं "बरं आहे" म्हणून येऊ नकोस. आजी म्हणाल्या, "बरं नसतं तर एवढी चालत आले असते का?" मला हसू यायला हवं होतं. आलं नाही, हे मात्र लक्षात आलं.

आत बाईंनी झोप, भूक वगैरे विचारलं. मग म्हणाल्या, "सकाळी जाग येते तेव्हा पहिला विचार कोणता येतो?"

मी म्हणालो, "आली कशाला, हा."

समीर खिडकीबाहेर बघायला लागला. मुलासमोर असं बोलायला नको होतं, असं मला वाटलं, पण शब्द गेले होते. बाईंनी शांतपणे सांगितलं की हा नैराश्याचा आजार आहे, तुमच्या वयात तो पुष्कळांना होतो, आणि औषधाने उतरतो.

घरी येताना मला सुटका वाटायला हवी होती. मला शरम वाटली. बायको गेल्यावर नवऱ्याने दुःखात असणं हे समजण्यासारखं आहे. पण त्या दुःखाचा आजार निघाला, म्हणजे इतके महिने मी जे सुनंदासाठी करतोय असं समजत होतो, ते तिच्यासाठी नव्हतंच की काय?

गोळ्या सुरू

वाचायची सवय असलेल्या माणसाने पहिली चूक करायची ती मी केली. खोक्यातला तो घडीचा, मुंगीएवढ्या अक्षरांचा कागद भिंग घेऊन वाचून काढला. त्यात लिहिलेलं सगळं मला संध्याकाळपर्यंत व्हायला लागलं. बाईंना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "काका, तो कागद मला द्या, मी वाचते. तुम्हाला काय होतंय तेवढं तुम्ही सांगा." मळमळ खरी होती. ती आठवडाभरात गेली.

दुसरी अडचण मेडिकलच्या दुकानात. दुकानातला मुलगा चिठ्ठी बघून आत ओरडला, "काकांची डोक्याची गोळी काढ रे." माझ्या मागे माझा एक जुना विद्यार्थी उभा होता. त्याने नमस्कार केला आणि लगेच मोबाइलमध्ये बघायला लागला. त्यानंतर गोळ्या समीर वापीहून आणायला लागला.

तीन-चार आठवडे काहीच झालं नाही. मी मनातून खूश होतो. माझं दुःख गोळीला पुरून उरलं, अशी काहीशी ती खुशी होती.

मग एका दुपारी चिंचणीहून कोणीतरी दिलेल्या सुक्या बोंबलाची चटणी शेजारणीने आणून दिली. मी तांदळाच्या भाकरीबरोबर ती खाल्ली आणि आणखी भाकरी आहे का म्हणून डबा उघडून बघितला. जेवण झाल्यावर एक पुस्तक काढलं आणि वाचत वाचत झोपलो. उठलो तेव्हा ऊन उतरलं होतं. चहा ठेवताना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे लक्ष गेलं.

त्या दिवशी सुनंदाची तिथी होती. दर महिन्याला मी त्या तिथीला स्वतः वरणभात करून कावळ्यासाठी पान वाढत असे. त्या दिवशी मी सुके बोंबील खाल्ले होते आणि दुपारपर्यंत तिची आठवण झाली नव्हती.

गॅस बंद करून मी तिथेच खाली बसलो.

खाडीकाठी दिलेला शब्द

हे कळायला आधीची एक गोष्ट सांगावी लागेल. सुनंदाच्या दहाव्याला आम्ही खाडीवर गेलो होतो. पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. पलीकडे तिवरांवर कावळे बसलेले दिसत होते, पण एकही उतरत नव्हता. आपल्याकडे अशा वेळी म्हणतात की गेलेल्या माणसाचं काहीतरी मागे अडकलंय. मग एकेकाने पुढे होऊन त्याला शब्द द्यायचा. समीर म्हणाला, आई, बाबांकडे बघीन. इंदूताई हात जोडून पुटपुटत होत्या. कावळे जागचे हलले नाहीत. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं.

माझा या गोष्टींवर विश्वास नाही. पण उन्हात माणसं ताटकळत होती. मी पुढे झालो आणि म्हणालो, "सुनंदा, एक दिवससुद्धा तुला विसरणार नाही."

बोलून मागे सरकतोय तोच कावळा आला.

विश्वास नसलेल्या माणसाला असा शब्द जास्त बांधतो, असं माझं मत झालं आहे. विश्वास असणाऱ्याला निदान प्रायश्चित्त तरी माहीत असतं. मला वाटलं, मी शब्द मोडला, आणि तो मोडायला त्या गोळीने मदत केली.

उपास

पुढच्या महिन्यात तिथीच्या दिवशी मी गोळी घेतली नाही. लोक त्या दिवशी जेवणाचा उपास करतात, मी गोळीचा केला. एक दिवस तरी तिच्यापुढे आहे तसा, औषधाशिवाय बसावं, एवढंच मनात होतं. दिवसभर तिच्या फोटोसमोर बसलो. काही झालं नाही, पण मन हलकं वाटलं. काही फेडल्यासारखं.

मग त्यापुढच्या महिन्यात तिथीच्या आदल्या दिवशीही नको असं वाटलं. मग नंतरच्याही. उपास कधी संपवायचा ते मी ठरवलंच नाही. मी रोज पाकिटातून गोळी फोडायचो, म्हणजे पाकीट रिकामं होताना दिसेल, आणि ती मोरीत टाकून वर तांब्याभर पाणी ओतायचो. समीरचा संध्याकाळी फोन यायचा. "गोळी?" "घेतली." हे मी इतक्या सहज म्हणायचो की कधी कधी मलाच खरं वाटायचं.

थोड्याच दिवसांत मान वळवली की डोक्यात वीज गेल्यासारखी झिणझिण यायला लागली. उभं राहिलं की घर कलायचं. एकदम बंद केल्यामुळे असं होतं हे मला नंतर कळलं. तेव्हा मी समजलो, दुःख परत आलं. खरं सांगायचं तर मी त्याचं स्वागत केलं. रडूही आलं. पण मग रडूही थांबलं आणि पुन्हा तेच दगडासारखं बसणं सुरू झालं. जेवण सुटलं. दाराची कडी काढायचा कंटाळा म्हणून दूधवाल्याला मी आतूनच नको म्हणायचो.

एका रविवारी समीरने दार वाजवलं तर मला उठून उघडायला इतका वेळ लागला की तो घाबरला. आत आला, मोरीकडे गेला, आणि जाळीत अडकलेली अर्धी विरघळलेली गोळी त्याला दिसली. तो मोठ्याने बोलत नाही कधी. त्या दिवशी बोलला. म्हणाला, "आईला वाचवता आलं नाही. तुमच्या बाबतीत तेवढं तरी जमेल असं वाटलं होतं. तुम्ही मला रोज खोटं सांगत होतात." केतकी त्याला बाहेर घेऊन गेली.

हॉस्पिटल

अंगातलं पाणी कमी झालं होतं म्हणून मला डहाणूतच एका हॉस्पिटलात ठेवलं. सलाईन, पहाटेचं रक्त तपासणं, फरशी पुसणाऱ्या बाईंचं "पाय वर घ्या काका." गोळी देणारी सिस्टर गोळी गिळल्यावर म्हणायची, "आ करा. जीभ उचला." मी मुकाट्याने तोंड उघडायचो. ज्या माणसाने आयुष्यभर मुलांची दप्तरं तपासून त्यांना वाचनालयाबाहेर सोडलं, त्याच्यासाठी हे ठीकच होतं.

इंदूताई तलासरीहून एसटीने डबा घेऊन आल्या. मऊ भात आणि ताक. मी नको म्हणालो. त्यांनी आग्रह केला नाही. डबा स्टुलावर ठेवून त्या बसल्या आणि विचारलं, का सोडलीत?

समीरला सांगता आलं नव्हतं ते मी त्यांना सांगितलं. बोंबील, तिथी, खाडीकाठचा शब्द, सगळं. त्या ऐकत होत्या. मला वाटलं, बहिणीला विसरलो म्हणून रागावतील. मला ते हवंही होतं.

"म्हणजे कावळा तुमच्या शब्दाला आला," त्या म्हणाल्या. "तुम्हाला त्याने सांगितलं का तसं?"

मी उशीवर जरा वर सरकून बसलो.

"मीही बोलत होते ना तिथे उभी राहून. समीर बोलत होता. कुणाच्या शब्दाला आला, काय माहीत? तुम्ही शेवटी बोललात म्हणून तुमचाच?" मग पदराने डब्याचं झाकण पुसत म्हणाल्या, "मी काय म्हटलं होतं विचारा."

मी विचारलं.

"सुनंदे, तुझ्या नवऱ्याला उपाशी राहू देणार नाही, असं म्हटलं होतं. आता तुम्ही तुमचा शब्द पाळायला माझा मोडायला लावताय. चांगलं आहे."

मी डबा ओढून घेतला. फार खाल्लं नाही. थोडा भात गेला.

उपास सुटला तो

डॉक्टरीणबाईंना मी उपासाचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी तिथीची चौकशी केली आणि म्हणाल्या, त्या दिवशी सकाळी आधी गोळी घ्या आणि मग दिवसभर त्यांच्या फोटोपुढे बसा. "रडू आलं तर गोळी चालत नाही असं समजू नका. नाही आलं तर त्यांना विसरलात असंही समजू नका." बरं वाटायला लागलं तरी अजून बरेच महिने घ्यायची, आणि कधी थांबवायची ते आपण दोघं बसून ठरवू, हळूहळू कमी करत, हे त्यांनी दोनदा सांगितलं. तोवर मला हे कोणी सांगितलं नव्हतं, असं लिहिणार होतो. सांगितलं असणार. मी ऐकत नव्हतो.

घरात कोणी म्हातारं माणूस अशा गोळ्या घेत असेल तर माझ्या अनुभवातलं एवढंच सांगतो. "घेतली का" असं विचारू नका. त्याचं उत्तर "घेतली" हेच असतं. माझ्या बाबतीत असं ठरलं की मी सकाळी चहाबरोबर गोळी हातात घेऊन इंदूताईंना फोन करायचा आणि बोलता बोलता ती गिळायची. त्या गोळीबद्दल विचारायच्याच नाहीत. हायवेवर कुठला ट्रक आडवा झाला, शेजारची गुजराती बाई त्यांना मासी मासी करत वाटीवाटीने साखर कशी नेते, असलं काहीतरी सांगायच्या. मी पाणी प्यायलो की त्यांना आवाज कळायचा. "हं," म्हणायच्या आणि पुढे बोलायच्या.

समीर हल्ली विचारत नाही. रविवारी येतो तेव्हा माझ्याकडे जरा जास्त वेळ बघतो. तो विश्वास परत यायला त्याला लागेल तेवढा वेळ लागू दे.

तलासरी

वर्षश्राद्ध झालं. मी हिंडूफिरू लागलो, वाचू लागलो. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, इंदूताईंनीही, असं आम्ही धरून चाललो.

थंडीत एकदा मी न कळवता त्यांच्याकडे गेलो. अंगणातले चिकू घेऊन. दार लोटलेलं होतं. सकाळी फोनवर त्या म्हणाल्या होत्या, आज वालाची उसळ केली, छान झाली. घरात चूल पेटल्याची काही खूण नव्हती. ओटा कोरडा होता. त्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, फोन उशाशी. मला बघून उठल्या, केस सारखे केले, म्हणाल्या, "अहो, आत्ताच पडले होते जरा."

हे वाक्य मला तोंडपाठ होतं. मीच ते महिनोन् महिने वापरलं होतं.

ज्या बाईने रोज सकाळी मला उसळीच्या गोष्टी सांगितल्या, ती फोन ठेवून पुन्हा आडवी होत होती. आणि मला एकदाही वाटलं नव्हतं की सुनंदा त्यांचीही कोणी होती. बायको माझी गेली, दुःख माझं, आजार माझा, शब्दही माझाच. त्यांच्या पाठची बहीण गेली होती, जिला त्यांनी कडेवर वागवलं होतं. त्यांना कोणी डॉक्टरकडे नेलं नव्हतं. मला गोळी सोडल्याचं वाटत नाही एवढं वाईट याचं वाटतं, आणि त्यावर गोळी नाही.

मी त्यांना त्याच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी तेच नाव सांगितलं आणि तशीच गोळी दिली. इंदूताईंनी घेतली, मुकाट्याने, काही आठवडे. मग एक दिवस फोनवर म्हणाल्या, "बंद केलीय मी. तुमच्याशी खोटं नाही बोलणार."

मी दुपारच्या एसटीने गेलो. त्या ओट्याशी पाठ टेकून जमिनीवर बसल्या होत्या. गोळ्यांचं पाकीट फळीवर होतं.

"भाऊजी, काल मी शेजारणीबरोबर हसले. मोठ्याने," त्या म्हणाल्या. "सुनीसाठी मी आता दुसरं काय करू शकते? तिचं कपडालत्त्याचं करायचं राहिलं नाही, दुखलंखुपलं राहिलं नाही. रडत होते, तेवढंच करत होते. तेही ही गोळी काढून घेतेय."

मला वाटलं, हॉस्पिटलात त्यांनी मला जसं निरुत्तर केलं, तसं काही मला सुचेल. डॉक्टरीणबाईंचं ते रडू येण्या-न येण्याचं वाक्य सांगून पाहिलं. ते माझ्या तोंडून उसनं वाटलं. त्यांनी मान हलवली.

"तुमचं वाईट वाटणं गेलं का?" त्यांनी विचारलं. "खरं सांगा."

"नाही," मी म्हणालो. "आज सकाळी गोळी गिळतानाही वाटलं."

"मग उपयोग काय तिचा?"

मी विचार करून जे खरं होतं ते सांगितलं. "गेल्या वर्षी मला दाराची कडी काढता येत नव्हती. आज तुम्ही बंद केली म्हणालात, तर मी चप्पल घालून स्टँडवर गेलो, गाडीत उभा राहून आलो. वाईट वाटतच आलो. पण आलो."

त्या माझ्या पायांकडे बघत होत्या. बाहेर हायवेवरून ट्रक जात होते आणि भांडी फळीवर बारीक थरथरत होती.

मग त्यांनी हात वर करून पाकीट काढलं.

"पाणी आणा," त्या म्हणाल्या. "आणि आलाच आहात तर कुकर लावा. सकाळपासून मी काही खाल्लेलं नाही."